वागळे इस्टेटातलं मिग मशीन दुरुस्तीचं दुकान: ‘मशीन राहू द्या, आधी वेल्डचा तुकडा घेऊन या’

मिग मशीन, म्हणजे गॅसच्या पांघरुणाखाली वायर वितळवून लोखंड जोडणारं वेल्डिंगचं मशीन, नीट चालत असलं की त्याचा आवाज कढईत भजी तळल्यासारखा येतो. एकसारखी चरचर, मध्ये खंड नाही. आमच्या गाळ्यातला तो आवाज जुलैत बिघडला. फोडणीत मोहरी टाकावी तसं आधी तडतडायचं, मग दोन-तीन सेकंद बरं चालायचं, आणि मध्येच फट्ट! वितळलेल्या लोखंडाचा थेंब उडून थेट हेल्मेटच्या काचेवर. बीट, म्हणजे वेल्डची उमटलेली रेघ, थंड झाल्यावर ब्रश मारला की वर टाचणीने टोचल्यासारखी भोकं. काही ठिकाणी तर तांदळाचा दाणा बसेल एवढा खड्डा.

नवी मुंबईत दिघ्याला माझा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. ग्रिल, गेट, जिन्याचं रेलिंग, गच्चीवरची शेड अशी कामं करतो. नवऱ्याने सुरू केलेला धंदा, गेली चार वर्षं मीच बघते. हाताखाली एक जुने वेल्डर आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात, आणि आयटीआय झालेला एक मुलगा आहे. तेव्हा हातात ऐरोलीतल्या एका सोसायटीचं काम होतं: चौदा फुटी सरकतं गेट आणि जिन्याला साठ फूट रेलिंग. गणपतीच्या आधी बसवून द्यायचं ठरलं होतं.

आधी जवळच्याच एका दुरुस्तीवाल्याकडे मशीन टेम्पोत घालून नेलं. नाव लिहीत नाही. त्यांनी मशीन चार दिवस ठेवून घेतलं, वायर पुढे ढकलणाऱ्या फीडरची मोटर बदलली, टॉर्चला (हातात धरून वेल्ड करतात त्या दांड्याला) नवी टिप (वायर बाहेर येते ते तोंड) लावली आणि ६,४०० रुपये घेतले. परत आणून चालू केलं तर तेच तडतडणं. फोन केला तर म्हणाले, आता मशीनचं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं असणार, ११ हजारांच्या पुढे खर्च येईल. टेम्पोचं भाडं दोन्ही वेळचं माझं. त्या चार दिवसांत मामांनी जुन्या रॉडच्या मशीनवर जमेल तेवढं काम ओढलं.

ठाण्याच्या वागळे इस्टेटातल्या या दुकानाचं मला एका हार्डवेअरवाल्याने सांगितलं. फोन लावला. पलीकडून दुकान चालवणाऱ्या काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, बीटवर भोकं कुठे आहेत? सगळीकडे की जोडाच्या शेवटीच?” मला सांगता येईना. खरं म्हणजे आम्ही कोणी तसं बघितलंच नव्हतं. मग ते म्हणाले, “मशीन राहू द्या. खराब वेल्डचा सहा इंचाचा तुकडा कापून आणा, फूटभर वायर आणा, आणि टॉर्चची टिप काढून आणा.”

एवढंच न्यायचं म्हटल्यावर टेम्पो कशाला? २०२४ला दिघा गाव स्टेशन सुरू झाल्यापासून आम्हाला ठाणे एका स्टेशनवर आलं आहे. पिशवीत लोखंडाचा तुकडा घेऊन लोकलने गेले, ठाणे स्टेशनवरून वागळेला रिक्षा केली. त्या आठवड्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं होतं, टेम्पो नेला असता तर दिवस तिथेच गेला असता.

दुकान लहान आहे. दहा बाय बाराचा गाळा असेल. भिंतीवर खिळ्यांना टॉर्च लटकवलेले, खाली टिपा आणि नोझल वेगवेगळ्या डब्यांत, डब्यांवर पेनने वायरची जाडी मिलीमीटरमध्ये ०.८, १.०, १.२ अशी लिहिलेली. बसायला एक स्टूल. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, तुकडा खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. बीटच्या दोन्ही कडांना पांढरी भुकटी धरली होती. मी ती रोज बघत होते, गॅसची राख असेल असं समजून ब्रशने झाडत होते. त्यांनी ती अंगठ्याने पुसली, अंगठा माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “तुमच्याकडे कोणाला रात्री थंडी वाजून ताप आला का?”

मी खरंच दचकले. आमच्या आयटीआयवाल्या मुलाला आला होता. दोन दिवसांपूर्वी संध्याकाळी घरी गेला, रात्री हुडहुडी भरली, अंग दुखायला लागलं, तोंडाला लोखंडासारखी चव. पावसाळा असल्यामुळे डॉक्टरांनी मलेरिया आणि डेंगू दोन्हींची तपासणी करायला लावली. दोन्ही निगेटिव्ह. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताप उतरलाही.

काका म्हणाले, “हे जस्त आहे. तुमचा पाइप गॅल्व्हनाइजचा आहे.”

मी म्हटलं, नाही, आम्ही काळाच पाइप घेतो, कळंबोलीहून. त्यांनी तुकड्याच्या एका बाजूवर कानस फिरवली. वरचा रेड ऑक्साइड, म्हणजे गंज धरू नये म्हणून मारतात तो लाल रंग, निघाला आणि त्याच्याखाली चांदीसारखा चकाकणारा थर दिसला. तेव्हा मला आठवलं. कळंबोलीच्या व्यापाऱ्याकडे त्या दिवशी ४० बाय ४०चा काळा पाइप कमी पडला होता, म्हणून त्याने पाच-सहा नग जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले गॅल्व्हनाइजचे, दिले होते. पावसात गंज धरू नये म्हणून आमच्या मुलाने आलेल्या सगळ्या पाइपांना त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारून टाकला. त्यानंतर कुठला काळा आणि कुठला जीआयचा, कोणाला कळणार? मशीन “कधी चांगलं चालतं, कधी फटफटतं” असं आम्ही पंधरा दिवस म्हणत होतो. त्यातलं निम्मं कोडं तिथेच सुटलं.

जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं. लोखंड वितळायला १,५०० अंशांच्या आसपास लागतात. म्हणजे लोखंड पातळ व्हायच्या कितीतरी आधी जस्ताची वाफ झालेली असते. ती वाफ वितळलेल्या लोखंडातून वाट काढते, बाहेर पडली तर फट्ट आवाज आणि छर्रे, अडकली तर आत भोक. वर रेड ऑक्साइड असेल तर त्याचाही धूर त्यात मिसळतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना निदान इंचभर रंग आणि जस्त ग्राइंडरने काढून टाकायचं, तेही मास्क लावून, आणि वेल्ड झाल्यावर त्या जागेवर झिंकचा प्राइमर मारायचा, असं त्यांनी सांगितलं.

तापाबद्दल ते फार पोटतिडकीने बोलले. आपल्याकडे जीआयचं काम असलं की वेल्डरला दूध पाजतात, गूळ देतात. आम्हीही देतो. काका म्हणाले, “दूध पोटात जातं ताई, धूर छातीत जातो. द्या दूध, पण धूर बाहेर काढा आधी.” या तापाला वेल्डरमंडळी झिंकचा ताप म्हणतात. काम संपल्यावर काही तासांनी चढतो, बहुतेकदा एक-दोन दिवसांत जातो, आणि म्हणूनच कोणी मनावर घेत नाही. मी त्या दिवशी दुकानातूनच दोन धुराचे मास्क घेतले. तोंडाला रुमाल बांधून चालत नाही हे मला माहीत होतं, तरी आमच्याकडे रुमालच चालू होता.

मग टिप. त्यांनी टिप उजेडाकडे धरून मला आरपार बघायला लावलं. भोक गोल हवं, आमचं अंड्यासारखं लांबट झालेलं. शिवाय टिपेवर १.० कोरलेलं, आणि आमची वायर ०.८ची! ही तीच नवी टिप, जी आधीच्या दुरुस्तीत लावली होती. टिपेतूनच वायरला करंट मिळतो. भोक ढिलं असलं की वायर आत हलते, कधी टेकते कधी सुटते, टिपेच्या आतच ठिणगी पडते आणि वायर अडखळते. तडतडण्यातला दुसरा वाटा तिचा होता. पस्तीस रुपयांच्या वस्तूचा.

वायर त्यांनी पांढऱ्या कापडातून ओढून बघितली. कापडावर तपकिरी रेघ उमटली. आमचा १५ किलोचा स्पूल रात्री तसाच उघडा राहतो, आणि जुलैत दिघ्याच्या हवेत काय राहणार कोरडं! वायरवर तांब्याचा पातळ मुलामा असतो, त्याला डाग पडले की गंज सुरू. बाहेरचे दोन-तीन थर काढून टाका, आतली वायर स्वच्छ असेल तर वापरा, आणि रात्री स्पूल काढून पिशवीत बांधून ठेवा, एवढं सांगितलं. नवा स्पूल त्यांच्याकडे विकायला होता. घ्या म्हणाले नाहीत.

त्या दिवशी तपासणीचे पैसे घेतलेच नाहीत. पाच टिपांचे १७५ रुपये आणि मास्कचे वेगळे घेतले. गाळ्यावर यायचे ६०० सांगितले आणि दोन दिवसांनी सकाळी साडेअकराला आले.

येताना त्यांच्या खांद्याला एक साधी पिशवी होती. त्यातून साबणाच्या पाण्याची बाटली, मल्टिमीटर आणि वीतभर लांबीची एक पारदर्शक नळी निघाली. नळीच्या आत छोटी गोळी, बाहेर मिनिटाला किती लिटर गॅस येतो त्याचे आकडे. त्यांनी फीडरचा दाब देणारा रोलर उचलला, म्हणजे वायर पुढे येणार नाही, नळी टॉर्चच्या नोझलवर उभी धरली आणि मामांना ट्रिगर दाबायला सांगितला. गोळी वर चढली आणि सहावर थांबून थरथरत राहिली. सिलिंडरच्या रेग्युलेटरवर तेव्हा १८ होतं.

“बारा लिटर कुठे गेले?” काकांनी मामांना विचारलं. मामा गप्प. आवाज बिघडल्यावर मामांनीच रेग्युलेटर १० वरून १८ वर नेला होता. गॅस कमी पडत असेल म्हणून वाढवला, त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण जो वाढवला तो मध्येच गळत होता. साबणाचं पाणी फीडरच्या मागे नळीच्या जोडावर टाकलं तर बुडबुडे फसफसून वर आले. क्लॅम्प ढिला, नळीला चीर. टॉर्च मशीनला जिथे लागतो तिथली रबरी ओ-रिंग चपटी होऊन तुटलेली. तिथेही बुडबुडे.

ती गोळी बघताना माझ्या मनात एकच हिशोब चालला होता: पंधरा दिवसांत किती सिलिंडर हवेत सोडले. आमच्या सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) सिलिंडरचं आणखी एक त्यांनी सांगितलं, ते मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. आत गॅस पातळ, म्हणजे द्रव, स्वरूपात असतो. जोवर थोडंसं पातळ शिल्लक आहे तोवर काट्यावरचा दाब जवळजवळ तेवढाच दिसतो, तो गॅस किती उरलाय त्यावर नाही तर हवा किती गरम आहे त्यावर बदलतो. सुई खाली आली म्हणजे सिलिंडर संपतच आला. किती शिल्लक आहे ते बघायचं तर वजन करायचं आणि सिलिंडरवर कोरलेलं रिकाम्याचं वजन वजा करायचं. आता आम्ही दर सोमवारी शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर सिलिंडर ठेवतो.

नळी बदलली, नवे क्लॅम्प लावले, ओ-रिंगा घातल्या. रेग्युलेटर बारावर ठेवला. नळीतली गोळी बारालाच. मामांनी विचारलं, मग पंधरा-वीस ठेवला तर अजून चांगलं नाही का? काका म्हणाले, नाही. गॅस फार जोरात सोडला की नोझलबाहेर तो गिरक्या घेतो आणि बाजूची हवा आत ओढून घेतो. मग पुन्हा तीच भोकं. आमचा उभा पंखाही त्यांनी बंद करायला लावला. उकाड्यामुळे तो मुलाच्या पाठीमागून सरळ कामावर सोडलेला असायचा. वाऱ्याने गॅसचं पांघरूण उडालं की वितळलेलं लोखंड उघड्यावर पडतं. धूर ओढायला एक्झॉस्ट वरच्या बाजूला आणि जरा लांब हवा, वेल्डवर वारा येता कामा नये. तिथे आम्ही आता दोन बाजूंना जुन्या ताडपत्रीचा आडोसा केला आहे आणि पंखा फक्त चहाच्या वेळेला लावतो.

अर्थिंगचा चिमटा टेबलाच्या रंगवलेल्या पायाला लावलेला होता. तो सोडवून त्यांनी जॉबवरच, म्हणजे वेल्ड करायच्या लोखंडावरच, घासलेल्या जागी लावला. याबद्दल काही बोलले नाहीत, नुसतं मुलाकडे बघितलं. तो तेव्हापासून विसरलेला नाही.

एका गोष्टीत माझं त्यांच्याशी जमलं नाही. त्यांनी टॉर्चचा लायनर, म्हणजे वायर ज्यातून सरकते ती आतली नळी, बदलला, ३८० रुपये. जुना काढून आपटला तेव्हा त्यातून काळी-तांबूस पूड पडली हे खरं, वायर त्यानंतर हाताला हलकी जायला लागली हेही खरं. पण कॉम्प्रेसरची हवा मारून तो अजून दोन-तीन महिने गेला असता असं मला वाटतं. आमच्याकडे कॉम्प्रेसर आहे. मी तसं म्हटलं तर म्हणाले, पावसाळाभर मला परत बोलवाल त्यापेक्षा आज बदला. त्यांचंही चूक नाही, पण विचारून बदलायला हवा होता.

मग सेटिंग. मी रिव्ह्यू लिहायला बसले ती मुख्यतः यासाठी. काकांनी दोन मिलीमीटरच्या पट्टीचे तुकडे घेतले, मुलाच्या हातात टॉर्च दिला आणि स्वतः मशीनच्या बटणांपाशी पाठ करून उभे राहिले. बीटकडे बघतच नव्हते, कान देऊन उभे. मुलाने वेल्ड सुरू केला. “वायर हाताला धक्का देतेय का?” देत होती. वायर जास्त आणि व्होल्ट कमी असले की वायर वितळायच्या आधी जाऊन लोखंडावर आदळते, टॉर्चला मागे ढकलते आणि मग तुकडा फुटून उडतो. त्यांनी वायरचा वेग थोडा कमी केला. तडतड कमी झाली. मग व्होल्ट मुद्दाम फार वाढवून ऐकवले. आता फुसफुस आवाज, आर्क (वायर आणि लोखंडामधली विजेची ज्योत) लांब, पट्टीला कडेने खाच पडायला लागली. परत खाली आणले. साडेसतरा-अठराच्या मध्ये कुठेतरी तो आवाज आला. भज्यांचा. मुलाच्या तोंडातून आपोआप “हां!” निघालं.

“हाच लक्षात ठेव. आकडा लक्षात ठेवू नकोस,” काका त्याला म्हणाले. “लाइन खाली-वर होते, पत्रा बदलतो, वायर बदलते. हा आवाज बदलत नाही.” वायर सेकंदाला कितीतरी वेळा लोखंडाला टेकते आणि सुटते, त्या टेकण्या-सुटण्याचा तो आवाज असतो, हेही त्यांनी समजावलं. टिपेपासून कामापर्यंत वायर दहा-बारा मिलीच बाहेर ठेवायची, हात लांब नेला की करंट पडतो. मुलाला त्यांनी पाऊण तास दिला. सहाशे रुपयांत.

आम्हाला वाटलं झालं. मामांनी लगेच गेटची चौकट घेतली. हे काळे पाइप होते, कानस मारून खात्री केली होती, रंग घासला होता. बीट सुंदर चाललं आणि अगदी शेवटच्या अर्ध्या इंचाला फट्ट! मोठं भोक. दुसऱ्या कोपऱ्याला तसंच. मामा वैतागून म्हणाले, “बघा, गेलं परत.”

काकांनी मशीनकडे बघितलंही नाही. पाइपावर बोटाने टिचकी मारून विचारलं, “हा दोन्हीकडून बंद आहे ना?” होता. दोन्ही टोकांना झाकणं लावून चारी बाजूंनी वेल्ड करत आणलं होतं. आतली हवा तापते, फुगते, तिला जायला वाट नसते. शेवटची फट बंद करायला गेलं की ती तिथूनच वितळलेलं लोखंड ढकलून बाहेर पडते. त्यात आमचे पाइप बाहेर पावसात पडलेले. त्यांनी एक पाइप तिरका केला तर आतून पेलाभर पाणी आलं. त्याची वाफ आणखी वेगळी. आम्ही याच शेवटच्या भोकावर तीन-तीनदा वेल्ड भरत होतो आणि ते तीन-तीनदा फुटत होतं.

उपाय अगदी साधा. पाइप उभे करून निथळवायचे, आणि बंद करायच्या आधी खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला पाच मिलीचं भोक पाडायचं. मामांनी भोक पाडलं, शेवटचा अर्धा इंच भरला, आवाज नाही, काही नाही. भोकातून गरम हवेचा झोत येत होता, तिथे हात धरला तर जाणवला. त्यावर काकांनी सांगितलं की बंद पाइपाचं काम जर नंतर गॅल्व्हनाइजिंगला पाठवलं तर हे भोक नसणं जिवावर बेतू शकतं. वितळलेल्या जस्ताची टाकी ४५० अंशांच्या आसपास असते, बंद पाइप त्यात बुडवला की फुटू शकतो आणि जस्त कामगारांच्या अंगावर उडू शकतं. आमच्याकडचा कोणी कधी तसा माल पाठवत असेल तर हे वाचून ठेवा.

जाण्याआधी त्यांनी जे केलं ते मला तेव्हा अजिबात आवडलं नव्हतं. आधीच्या पंधरा दिवसांत तयार झालेल्या रेलिंगमधला एक जोड त्यांनी मागितला. बाहेरून तो ग्राइंडर मारून गुळगुळीत केलेला, प्राइमरही लावलेला. उभी पट्टी व्हाइसमध्ये धरून हातोड्याचे चार घाव घातले. पाचव्याला जोड मोडला. मोडलेल्या तोंडात मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी, आणि एका बाजूला वेल्ड पाइपाला चिकटलेलाच नव्हता, वर नुसता बसलेला. मग नव्या सेटिंगवर तसाच जोड मारून तो मोडायला दिला. पट्टी वाकली, जोड सुटला नाही.

“भोकं ग्राइंडरने बुजतात ताई, आतली जात नाहीत,” एवढंच म्हणाले.

साठ फूट रेलिंगमधले नऊ जोड कापून आम्ही परत केले. दोन दिवस गेले, मजुरी गेली. त्या रेलिंगला रोज म्हातारी माणसं धरून चढणार, पोरं लोंबकळणार. प्राइमर लावून झालेला तो माल मी दुसऱ्या दिवशी टेम्पोत भरणार होते. अजूनही ते आठवलं की पोटात गोळा येतो. मशीन दुरुस्त करून पैसे घेऊन जाणारे पुष्कळ आहेत. मशीन ठीक झाल्यावर आधीचा माल मोडून बघणारा मला तरी दुसरा भेटलेला नाही.

बिल सांगते: गाळ्यावर येण्याचे ६००, टिपा १७५, ओ-रिंग २०, तीन मीटर गॅसची नळी २४०, क्लॅम्प ४०, लायनर ३८०. एकूण १,४५५ रुपये, मास्क वेगळे. कार्डाला हात लावायची गरज पडली नाही. ते कार्ड आजही तेच आहे.

वेल्डिंगच्या रॉडबद्दल थोडं, कारण दुकानात रॉडही मिळतात. ७०१८ नंबरचा रॉड मागितला तर आधी विचारतात, ओव्हन आहे का. नसेल तर पाकीट फोडल्या-फोडल्या वापरून टाका म्हणतात, उरलेला परत कामाला घेऊ नका. तो रॉड दमट झाला की वेल्डमध्ये हायड्रोजन जातो आणि जाड लोखंडाला नंतर तडा जाऊ शकतो, परत वापरायचा तर तीनशे-साडेतीनशे अंशांवर भाजून घ्यावा लागतो. ६०१३ नंबरच्या रॉडला एवढे लाड लागत नाहीत, शंभर-एकशेवीसवर तासभर पुरे. ग्रिल-गेटवाल्यांनी उगाच ७०१८च्या मागे लागू नये हे त्यांचं मत, आणि मला ते पटतं.

आता अडचणी. दुकान अकराच्या आधी उघडत नाही आणि संध्याकाळी सातनंतर फोन उचलत नाहीत. आपलं काम सकाळी आठला अडलं तर तीन तास बसून राहायचं. दुकानासमोर गाडी लावायला जागा नाही. जीएसटीचं बिल हवं असेल तर दोन दिवस थांबावं लागतं. इन्व्हर्टरचं कार्ड खरंच जळलेलं असेल तर ते स्वतः करत नाहीत, बाहेर पाठवतात, आठवडा जातो आणि बदली मशीन मिळत नाही. बोलणं तुटक आहे. मामा सुरुवातीला दुखावले होते, पंचवीस वर्षं वेल्डिंग करणाऱ्या माणसाला असं विचारतात का म्हणून. आता तेच मला सांगतात, काकांना विचारा. आणि काका एकटेच आहेत, हाताखाली कोणी शिकणारा दिसला नाही. याची मला मनापासून काळजी वाटते. आमचा मुलगा आठवड्यातून एक दिवस तिकडे पाठवू का, असं मी विचारलं आहे. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.

गेट गणपतीच्या चार दिवस आधी बसलं, रेलिंग दोन दिवस आधी. सोसायटीच्या सेक्रेटरींनी खालच्या बाजूची भोकं बघून विचारलं, ही राहून गेली का. मी त्यांना वाकून बघायला लावलं आणि का ठेवली ते सांगितलं. पाच वर्षांनी पाइप आतून सडला नाही तर याच भोकांमुळे, पाणी साचायला जागाच नाही.

जाणार असाल तर किसननगरच्या बाजूने वागळेत शिरा, रिक्षावाल्याला रोड नंबर २२ सांगा आणि आत चालत जा. मशीन उचलून नेऊ नका. खराब बीटचा सहा इंच तुकडा न घासता, ब्रश न मारता तसाच न्या, फूटभर वायर आणि टॉर्चची टिप न्या, आणि भोकं मध्ये आहेत की शेवटाला हे आधी बघून ठेवा. पहिलं तेच विचारतील.